तुकोजीच्या नळाची हवा

गिरणीत होता तोवर वासुदेवाचा हात लागला की कसलंही मशीन शहाण्यासारखं चालायचं. मग नव्वदच्या दशकात गिरणीला कुलूप लागलं. बसून असलेल्या नवऱ्याचा घरात किती दिवस मान राहतो, ते बायकांना विचारा. वासुदेवानं टुल्लू बसवायला घेतले. टुल्लू म्हणजे नळाला जोडायची एवढीशी मोटर. बटण दाबलं की सगळ्यांच्या पायपातलं पाणी ओढून आपल्या टाकीत. उन्हाळ्यात नळ दिवसाआड येई, धार करंगळीएवढी. बघता बघता गल्लीभर टुल्लू घुरघुरू लागले. टोकाला राहायचा तुकोजी, वासुदेवाचा गिरणीतला जोडीदार. त्याच्या नळाला नुसती हवा.

“भिया, हवाच पाठवायची तर थंडी तरी पाठव!” गिरणीतल्या सवयीनं भैयाचं भिया करून तुकोजी येताजाता चिडवायचा. वासुदेव हसायचा, पण मान वर करत नसे.

त्या मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. घरोघरचे कूलर एकदम चालले आणि डीपी उडाली. लाईट गेली, नळही आला नाही. भर दुपारी टँकर आला. टाक्या भरलेले लोक घरात, तुकोजी हंडा घेऊन उन्हात. रांगेतच कोसळला. लू लागली होती, उष्माघातच. अंग तव्यासारखं, बोलणं भलतंच.

वासुदेवानं आपल्या टाकीतलं पाणी बादलीनं त्याच्यावर ओतलं. कोणाच्या वाट्याचं पाणी कोणावर ओततोय, हे त्याला ओतताना पक्कं ठाऊक होतं. मग टेंपोत घालून दवाखान्यात नेलं.

तुकोजी वाचला. घरी आला त्या दिवशी प्रेमलतानं, वासुदेवाच्या बायकोनं, तुकोजीसाठी पन्ह्याचा तांब्या नवऱ्याच्या हाती दिला. “गूळ जास्त घातलाय. तोंड तर तुमचंच कडू झालंय.”

तुकोजीच्या खाटेशी बसून वासुदेव म्हणाला, “तुक्या, तुझं पाणी मीच ओढलं रे.”

“माहीत आहे. गल्लीत दुसरा फिटर आहे कोण?” तुकोजीनं घोट घेतला. “अब एक काम कर भिया. मलाही एक बसवून दे.”

“आणि मागल्या गल्लीचं काय? त्यांना उतारामुळे थोडी धार मिळते, पण पाईप इथूनच जातो.”

“माझ्या वेळी विचारलं होतंस?”

वासुदेवानं पाना काढला. पुढच्या नळाच्या वेळी बटण दाबलं. धार फुटली तशी तुकोजीनं लेकरासारखं डोकं खाली धरलं.

भिंतीपलीकडून मागल्या गल्लीतल्या शशिकलाबाईंची हाक आली, “वासुदेवभाऊ आहेत का तिथे? आमची धार एकदम तुटली, जरा बघता का?”

वासुदेव पाना धरून उभा राहिला. मोटर मात्र शहाण्यासारखी चालत होती. हात त्याचाच ना!