खुंटीवरची बाटली

आजोबांनी मला वाचायला शिकवलं ते मोर्चात वाटलेल्या पत्रकांवरून. शाळेत जायच्या आधी मला ‘मागण्या’ हा शब्द वाचता येत होता. त्याच आजोबांची शेवटची मागणी एकच होती आणि ती आमच्या घरानं फेटाळली.

पोटाचा कॅन्सर होता. आरोग्य केंद्रातले डॉक्टर, नर्सबाई आणि गावातली आशाताई दर आठवड्याला विट्याजवळच्या आमच्या घरी येत. दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या देत, पाठीची जखम धूत, कूस कशी बदलायची ते आईला दाखवत. खाणं सुटलं तेव्हा आजोबा त्यांना म्हणाले, “आता टोचू नका. हितंच पडू द्या.” डॉक्टरांनी कबूल केलं. सलाईनचं पाणी आता सोसणार नाही, छातीत साठेल, ओल्या फडक्यानं तोंड भिजवत राहा, असं आईला सांगून गेले. आजोबा शांत झोपू लागले.

पण आमच्याकडे आजाऱ्याला बघायला आलेलं माणूस आधी खुंटीकडं बघतं, सलाईनची बाटली टांगलीय का ते. उशाशी बिस्किटांचा पुडा ठेवून बायका विचारायच्या, “बाटली न्हाई लावली व्हय?”

“डॉक्टर नगं म्हणाल्यात,” आई सांगायची.

“सरकारी ना ते.”

हे बोलणं थोरल्या चुलत्यांपर्यंत गेलं. त्यांचं सोनं गाळायचं दुकान पार तमिळ मुलखात. ते आले आणि त्यांनीही खुंटीकडंच बघितलं. माझे वडील गेल्यापासून ते आईशी थेट बोलत नसत. मला म्हणाले, “तुझ्या आईला इचार, सासरा उपाशी मारायचं ठरीवलंय का?”

आई फडकं पिळत राहिली. मी म्हणाले, “आजोबांनी स्वतः नको म्हटलंय. अंग त्यांचं आहे.”

“पत्रक वाचू नगंस. गाव माझ्या तोंडात शेण घालंल, तुझ्या न्हाई.”

दुपारी खाजगी डॉक्टर आला, बाटली चढली. आजोबांनी सुई उपसून टाकली. परत लावली, परत उपसली. मग चुलत्यांनी आईची जुनी साडी फाडून त्यांचा हात खाटेला बांधला. मी गाठ सोडायला गेले तर मला ओढून बाहेर काढलं.

“सोड रं पोरा,” आजोबा म्हणाले.

“तुमच्याच भल्याचं हाय.”

बघायला येणाऱ्यांना आता बरं वाटू लागलं. “आता कसं,” एकजण म्हणाला, “पोरगं आल्यावर घरात दम आला.” आजोबांचा हात सुजून टम्म झाला होता. छाती घरघरत होती.

मी फोन केला तशी आरोग्य केंद्राची माणसं आली. नर्सबाईंनी आधी गाठ सोडली. डॉक्टर चुलत्यांना म्हणाले, “बाटली काढू द्या. तुमचे वडील त्या पाण्यात बुडतायत.”

“तुमी आता येऊ नका. आमचं आमी बघतो.”

ते उंबऱ्याबाहेर पडताच चुलत्यांनी हात पुन्हा बांधला. सकाळी आजोबा गेले तेव्हा बाटली अर्धी होती आणि थेंब पडतच होते.

आंघोळ घालताना मनगटावरचा वळ सगळ्यांनी पाहिला. पाहून वरून पाणी ओतलं. दारात बसून चुलते डोळे पुसत सांगत होते, “शेवटपातूर बाटली चालू हुती.” माणसं मान हलवत होती. पोरानं काय कमी पडू दिलं नाही, म्हणत होती.

मागणी फेटाळणाऱ्याचं नाव पत्रकात लिहायचं, हे आजोबांनीच शिकवलं होतं. मी लिहायला बसले तर बिस्किटांचे पुडे घेऊन आलेलं सगळं गाव लिहावं लागतंय. चुलत्यांचं नाव सगळ्यांत वर.