वाचनबाईंचं उलटं पान

नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकी सभेचा एक जुना शिरस्ता होता. प्रत्येक बाब उभं राहून मोठ्याने वाचायची. जे वाचलं गेलं तेच मंजूर, मग छापलेलं काही का असेना. गेली एकवीस वर्षं हे वाचन सचिवांच्या कार्यालयातल्या एका कारकून बाईंकडे होतं. सगळं शहर त्यांना वाचनबाई म्हणायचं. आवाज असा, की गटारदुरुस्तीचा खर्चसुद्धा ऐकत राहावासा वाटे.

पंचाईत अशी, की बाईंना आता अक्षरच दिसत नव्हतं. नजरेच्या मधोमध धूसर डाग बसला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. कार्यालयात खणातलं भिंग काढून, एकेक अक्षर टिपत त्या काम रेटायच्या. पण भर सभेत भिंग निघालं असतं तर वाचन दुसऱ्याकडे गेलं असतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. पगाराला धक्का लागला नसता म्हणा, पण वर्षातला तो एक दिवस हातचा गेला असता, आणि त्या दिवसावर बाईंचा भारी जीव होता.

मग त्यांनी नवऱ्याला कामाला जुंपलं. नवरा शिंपी. महागड्या कापडाला कात्री लावताना ज्याचा हात कधी थरथरला नाही, तो गडी छापील कागद पाहिला की घामाघूम व्हायचा. तरी सभेआधी तीन आठवडे रोज संध्याकाळी तो शिलाई मशीनवर अंदाजपत्रक पसरायचा, ओळीखाली मापाची टेप धरायचा आणि अडखळत वाचायचा. बाई शेजारी भाजी निवडत पाठ करायच्या.

"रस्त्यावरील दिवे, देखभाल व... व..."

"दुरुस्ती. पुढे चला."

"तुला येतंय, तर मला कशाला छळतेस?"

"आकडा कुठे येतोय? आकडा वाचा."

गेल्या वर्षी ही युक्ती बिनबोभाट पार पडली होती. हातात कागद, मान खाली आणि बहात्तर बाबी तोंडपाठ. कुणाला सुगावा लागला नाही, अशी बाईंची ठाम समजूत होती. शिंपी तेव्हा प्रेक्षकांच्या बाकावर बसला होता. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "झकास झालं."

यंदाही एकाहत्तर बाबी सुरळीत गेल्या. शेवटची उरली, घरपट्टीची. छापील दर चौदा टक्के. त्यावर विरोधी पक्षनेते उठले. त्यांना सगळे तोफखाना म्हणत, कारण ते साधा चहा मागायचे तरी खिडक्या हादरायच्या. अर्धा तास भडिमार झाला, मग तोफखाना आणि अध्यक्ष आतल्या खोलीत गेले. अध्यक्ष यंदाच निवडून आलेले, नवखे. बाहेर येताच त्यांनी तडजोडीचा दर लिहिलेली चिठ्ठी बाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, "वाचा, म्हणजे मोकळे होऊ."

बाईंनी चिठ्ठी डोळ्यांपुढे धरली. पांढरा कागद, मधे डाग, बाकी काही नाही. पाठ केलेला आकडा जिभेवर तयार होता. चौदा म्हटलं की सुटका! पण चौदा म्हटलं की चौदाच मंजूर, आणि वर्षभर शहरातल्या प्रत्येक घराने त्यांच्या झाकपाकीची किंमत मोजायची. बाईंनी चिठ्ठी खाली ठेवली.

"अध्यक्षसाहेब, मला हे वाचता येत नाही. मला दिसत नाही. गेल्या वर्षीही दिसत नव्हतं. मी पाठ करून म्हटलं."

अध्यक्ष गोंधळून सचिवांकडे बघू लागले. तेवढ्यात तोफखाना उठले, आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलले.

"बाई, गेल्या वर्षी घरपट्टीचं पान तुम्ही उलटं धरलं होतं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. पण आकडा एकही चुकला नाही, मग कशाला बोलायचं?"

ते जागा सोडून बाईंपाशी आले. चिठ्ठी उचलून त्यांच्या कानाशी वाकले.

बाईंनी मान वर केली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "घरपट्टी, साडेअकरा टक्के."

"मंजूर!" सगळं सभागृह एकदम म्हणालं. मग अध्यक्षांनी शेजारच्या सचिवांना काहीतरी विचारलं आणि जाहीर केलं, की पुढच्या वर्षीही वाचन बाईच करतील, दुरुस्त्या कानात सांगायला एक माणूस देऊ.

यंदाही प्रेक्षकांत बसलेला शिंपी बाईंना घेऊन घरी निघाला. कोपऱ्यावर येताच बाई भडकल्या.

"गेल्या वर्षी तुम्ही तर समोरच बसला होतात. पान उलटं दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं की."

"मग वर्षभर मूग गिळून का बसलात?"

"सांगितलं असतं," शिंपी म्हणाला, "तर यंदा तू उभी राहिली असतीस का?"

रस्ता ओलांडायचा होता. एरवी घराबाहेर बाई नवऱ्याचा हात कधी धरत नसत, कुणाला शंका यायला नको म्हणून. आज त्यांनी तो धरला, आणि रस्ता संपला तरी सोडला नाही.