हँडपंपाच्या पाण्यात तांबे

मुलगी पीएच.डी. करते. पाण्यातले शिसे ओळखणारा सेन्सर तिने तयार केला आहे. कार्बनच्या पट्टीवर टिन ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म स्फटिकांचा थर असतो. पट्टी पाण्यात बुडवून वीज दिली की पाण्यातला धातू तिच्यावर जमतो आणि नंतर सुटतो. सुटताना आलेखात उंचवटा उमटतो. शिशाचा एका जागी, तांब्याचा दुसऱ्या.

प्रयोगशाळेत बनवलेल्या पाण्यावर सेन्सर चालत होता. विहिरी-हँडपंपांच्या पाण्यावर चालला नाही, तर प्रबंधातले सेन्सरचे प्रकरण गळणार होते. म्हणून रविवारी मुलीने आणि मी टहरौली या इकडच्या हिंदी मुलखातल्या गावाजवळच्या हँडपंपावरून एक बाटली भरून आणली. सोमवारी सकाळी मुलगी ती बाटली प्रयोगशाळेत घेऊन गेली.

संध्याकाळी ती परतली. पत्नी पोळ्या लाटत होती.

"क्या हुआ?" मी विचारले.

"सेन्सर भरपूर तांबं दाखवतोय. गाइड सर म्हणाले, हँडपंप में इतना ताँबा कहाँ से आएगा? क्रिस्टल खराब हैं, सब दोबारा बनाओ. नहीं तो चैप्टर हटाओ."

लाटणे थांबले.

"ते पाणी मी कळशीत ओतलं होतं," पत्नी म्हणाली.

आमच्याकडे बाहेरून आणलेले पाणी रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवतात. तिच्या माहेरीही तसेच.

"मम्मी! सॅम्पल था वो!"

"बाटलीला प्लास्टिकचा वास येत होता. सकाळी परत भरून दिलं की. बाटली धुऊन."

"धुऊन पण?"

"मग तशीच देऊ? कॉलेजात चार लोक बघतात."

मुलगी आधी कपाळाला हात लावून बसली. मग उठून तिने कळशीत डोकावून पाहिले.

मंगळवारी मी बसने जाऊन दोन बाटल्या भरून आणल्या. यावेळी त्या कपाटात कुलपात राहिल्या. एका बाटलीतले थोडे पाणी मात्र मुलीने स्वतःच कळशीत ओतले.

बुधवारी तिने तीन नमुने तपासले. हँडपंपाच्या ताज्या पाण्यात रेषा सपाट होती. त्यात मोजून शिसे घातल्यावर उंचवटा शिशाच्या जागी आला. कळशीतल्या पाण्याचा तांब्याच्या जागी आला. स्फटिक ठीक होते. सरांनी तिन्ही आलेख प्रकरणात घालायला सांगितले.

दुपारी तिचा घरी फोन आला. नमुन्याच्या नोंदीसाठी कळशी कशाने घासली होती, ते हवे होते.

"चिंचेनं," पत्नी म्हणाली. "हे पण लिहिणार?"

प्रबंधात लिहिले आहे.