धुतलेला दगड

चिंधाभाऊंनी उभ्या आयुष्यात दोनच नोकऱ्या केल्या. पहिली पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलमध्ये. दुसरी चलथाणच्या पुढे, उसाच्या शेतांमागच्या एका तळ्यावर, राखणदाराची. पहिल्या नोकरीनं त्यांचं नाक खाल्लं. केमिकलच्या वाफेत उमेदीची वर्षं गेल्यावर हिंग काय नि फिनाइल काय, त्यांना सारखंच. मी लिहितोय ते दुसऱ्या नोकरीबद्दल.

तळं पंचायतीचं, त्यातले मासे ठेक्यानं एका शेठचे. मासे चोरांपासून आणि जळबिलाडीपासून सांभाळायचे, एवढंच काम. जळबिलाडी हे इथलं गुजराती नाव, म्हणजे आपलं पाणमांजर. चिंधाभाऊ शहाद्याकडचे, ते 'ऊद' म्हणतात. लहानपणी गावच्या तापीत त्यांनी ऊद पाहिले होते, पुढे तिथं दिसेनासे झाले. इथल्या तळ्यात कालव्यातून तापीचंच पाणी येतं. "आपण पोटासाठी आलो, ते बी आले असतील," असं ते म्हणायचे.

शेठनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "दिसे तो केजे, दवा नाखी देशुं." म्हणजे दिसलं की सांग, विष टाकू. ते ऐकलं आणि चिंधाभाऊंनी ठरवलं की या तळ्यावर ऊद नाहीत.

पण ऊद लपवणं सोपं नाही. सगळं कुटुंब एकाच जागी घाण करतं. काठावर एक सपाट दगड होता, त्यावर रोज पहाटे खवले-काट्यांचा काळा चिखल. वास असा की शेठच्या गाडीपर्यंत जावा. चिंधाभाऊ उजाडायच्या आत बादली, खराटा आणि धुण्याचा सोडा घेऊन जायचे, दगड घासायचे, चिखलातली पावलं झाडून टाकायचे. वास गेला की राहिला हे त्यांच्या नाकाला कळायचं नाही, म्हणून दोनदा घासायचे. मालतीबाई, त्यांची बायको, चुलीपाशी बसून बोलायची, "घरनी मोरी कधी धुई नही, नि उदस्ना संडास रोज धुतस." शेठ वर्षानुवर्षं तळ्यावर आला, चहा प्यायला, मासे कमी म्हणून शिव्या देऊन गेला. त्याला काही दिसलं नाही.

मग तिथं कोळशाच्या वीजकेंद्राचा प्रस्ताव आला. तळं कंपनीच्या हद्दीत जाणार, पाणी आधी आटणार, मग राख पडणार. शेठला कंपनी ठेक्याची भरपाई देणार होती, त्यामुळे तो खूश. मी बमरोलीचा, असल्या प्रकल्पांविरुद्ध लढणारा, शाळा सातवीपर्यंत. पण कंपनीचा पर्यावरण अहवाल कसा वाचायचा हे मी आपला आपण शिकलो, आता कुणी शिकवायला येऊ नये. पाणमांजर कायद्यानं संरक्षित प्राणी. अहवालात नुसतं त्याचं नाव आलं असतं तरी तळ्याला हात लावण्याआधी कंपनीला दहा ठिकाणी उत्तरं द्यावी लागली असती. ऊद मी स्वतः पाहिले होते, संध्याकाळच्या अंधुक उजेडात. पण माझा शब्द कंपनीच्या लेखी कचरा. पाहणी करणाऱ्यांना खूण हवी होती, आणि खूण होती तो दगड.

मी चिंधाभाऊंना सांगितलं, "पाहणीवाले येणार आहेत. विचारतील, तेव्हा खरं ते सांगा. बस."

"सांगतो की," ते म्हणाले. "आजवर कुणी चांगल्या मनानं विचारलंच नाही."

पाहणीच्या सकाळी मी पोहोचलो तेव्हा झोपडीपुढे सडा पडला होता, रांगोळी होती. मालतीबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. कंपनीची गाडी आली. तिच्यातून उतरली वृषाली नावाची मुलगी, पुण्याकडची, गळ्यात दुर्बीण. पोरगी चांगली होती, तिच्यावर माझा राग नाही. तिच्या मागून दुसरी गाडी आली, तिच्यातून शेठ.

वृषालीनं विचारलं, "काका, इथं पाणमांजर दिसतं का कधी?"

चिंधाभाऊंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी शेठकडे पाहिलं. "नाही बाई," ते म्हणाले. "इथं काही नाही."

माझं डोकं फिरलं. "चिंधाभाऊ, काय बोलताय?"

शेठ म्हणाला, "आ नेता कोण छे? तळ्यावर राहतो तो, की तू?"

"मॅडम, चला माझ्याबरोबर," मी म्हणालो. "दगड दाखवतो. दगड तरी शेठला घाबरत नाही."

ती आली. मी पुढे, ती मागे, तिच्या मागे सगळे. दगड ओला होता. स्वच्छ, पांढरा, सोड्यानं घासलेला. बाजूच्या चिखलावर खराट्याच्या सरळ रेघा, देवळापुढे असाव्यात तशा. ती गुडघ्यावर बसली, वाकली, वास घेतला. तिनं खूप वेळ शोधलं, हे मी इमानानं सांगतो.

"सॉरी दादा," ती म्हणाली. "मला दिसलं तर मी लिहीन. नाही दिसलं तर काय लिहू?"

गाड्या गेल्यावर मी चिंधाभाऊंवर बरसलो. ते झोपडीच्या कुडाला टेकून बसले होते, हात अजून ओले.

"दगड कशाला धुतलात? आजचा एक दिवस."

"हात गेला भाऊ. रोज जातो तसा गेला." मग हळूच, आपल्या बोलीत, "सेठ उभा व्हता. तोंडमाईन 'नही' निंघी गयं."

मालतीबाई म्हणाली, "पाव्हना येतीन म्हनीसन मीच सांगं, आज नीट धुवा."

पुढे लोकसुनावणी झाली, मांडव घालून, खुर्च्या टाकून. मी काही सांगितलं नव्हतं तरी चिंधाभाऊ उठले, माईक दोन्ही हातांनी धरला आणि सगळं बोलले. ऊद आहेत. मी लपवले. घाण मी धुवायचो. मंचावरच्या साहेबानं विचारलं, "मग पाहणीत नाही का म्हणालात?" शेठ पुढच्या रांगेतून मोठ्यानं म्हणाला, "मारी सामे खोटुं, बेन सामे खोटुं, ने आजे साचुं?" आजच तेवढं खरं कसं, म्हणून मांडव हसला. चिंधाभाऊ माईक ठेवून खाली बसले. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मला दोन पोलिसांनी बाहेर काढलं.

नोकरी त्याच दिवशी गेली. पण झोपडी मोडेपर्यंत ते तिथंच राहिले, आणि दगडाला त्यांनी पुन्हा पाणी लावलं नाही. घाण साचत गेली, वरच्या वर, कुणालाही दिसावी अशी. मी फोटो काढले, पाठवले. उत्तर आलं की पाहणीची मुदत संपली आहे, अहवाल सादर झाला आहे. अहवालात त्या तळ्यापुढे 'आढळ नाही' असं छापलंय. वाक्य खोटं आहे आणि लिहिणारी खरी आहे, आता कुणाच्या अंगावर धावून जायचं?

खांब ठोकायचं यंत्र आलं तेव्हा रात्रंदिवस जमीन हादरायची. त्यानंतर ऊद कुणाला दिसले नाहीत. कुठं गेले ते मला माहीत नाही. कालव्यानं वर गेले असतील, असं मालतीबाई म्हणते.

चिंधाभाऊ आता बमरोलीत, मुलाच्या खोलीत. खराटा हातात घेत नाहीत. सुनेनं मोरी धुवायला सांगितली तर उठून बाहेर जातात. परवा माझ्याकडे आले, म्हणाले, "गाडीवर नेशील?"

मी नेलं. तळ्याच्या तीन बाजूंना पत्रे लागले होते, चौथीकडून आत शिरलो. पाणी खाली गेलं होतं. दगड तसाच होता, वरचा थर वाळून राखाडी झालेला, खवले उन्हात चमकत होते. चिंधाभाऊ उकिडवे बसले. चिमूटभर भुगा उचलून त्यांनी तो नाकाशी धरला, सवयीनं, आणि मग तो हात माझ्यापुढे केला.

"भाऊ, वास येस का?"

मी वाकून हुंगलं. नुसती माती होती.

"येतो," मी म्हणालो.