ब्रिस्बेनला जायचं, पण आधी स्टॉकहोमला

आमच्या इमारतीतल्या तौनोला 'कसा आहेस' असं विचारलं तर तो 'चालतंय' म्हणतो, आणि त्या दिवसापुरतं त्याचं बोलणं संपतं. फिनलंडमधल्या आम्हा तुर्कूच्या माणसांना बडबडी म्हणून कुणी नावं ठेवलेली नाहीत, पण तौनो आमच्यातही वरचढ. मी, रीत्वा, जन्मभर मार्केटमध्ये मासे विकले. घुम्या माणूस दिसला की मला त्याला गदागदा हलवावंसं वाटतं.

नोकरीत असताना तो शहरातल्या बसगाड्यांची वेळापत्रकं बसवायचा. बायको गेली, पेन्शन सुरू झालं, आणि मग एक दिवस कळलं की हा लोकांचे विमानप्रवास बसवून देतो. तेही जवळचे नव्हेत. पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाचे, बिझनेस क्लासचे, मध्ये एका रात्रीचा मुक्काम असलेले. बदल्यात लिंगनबेरीच्या मुरंब्याची एखादी बरणी घेतो. स्वतः मात्र कुठे जात नाही. मी एकदा म्हटलं, "अरे, लोकांची लग्नं लावतोस आणि स्वतः मांडवाबाहेर उभा." तर म्हणाला, "हं."

त्याची पद्धत मात्र पक्की. विमानात आडवं होऊन झोपायचं, उतरल्यावर खऱ्या पलंगावर आणखी एक पूर्ण रात्र काढायची, सकाळी पोटभर न्याहारी करायची आणि मगच पुढचं विमान. मुक्कामाच्या गावी दिवसाउजेडी पोचलं पाहिजे. हॉटेल असं, की विमानतळावरून चालत जाता यावं. सामान रात्री हातात मिळणार की परस्पर पुढे जाणार, हे तो स्वतः फोन करून विचारून घेतो. एरवी न बोलणारा माणूस परक्या देशातल्या हॉटेलवाल्याला उशा किती जाड आहेत हेही विचारतो.

मागच्या वसंतात त्याच्याकडे इम्पी गेली. ती आमच्या तळमजल्यावर राहते, ऐंशीला टेकलेली, आणि पाठ अशी की तासाभराच्या वर बसवत नाही. तिची धाकटी बहीण सायमी तरुणपणी ऑस्ट्रेलियात गेली ती तिकडचीच झाली. आता सायमीची नजर जात चालली होती. फोनवर ती म्हणाली होती, "यायचं तर यंदाच ये, इम्पी. पुढच्या वर्षी तू आलीस तरी मला फक्त ऐकू येशील."

इम्पीनं वडिलांच्या जंगलाचा तुकडा विकला आणि तौनोच्या दारात जाऊन उभी राहिली. बिझनेस क्लास हा शब्द तिच्या तोंडून निघेना. आमच्याकडे चोरी केलेली एक वेळ सांगतील, पण चैन केलेली सांगणार नाहीत. तिनं विचारलं म्हणे, "विमानात मागच्या बाजूला जमिनीवर आडवं होऊ देतात का?" तौनोनं नकारार्थी मान हलवली आणि कामाला लागला.

त्यानं बसवलेला प्रवास असा होता: शनिवारी संध्याकाळी तुर्कूहून बोटीनं स्टॉकहोम. रविवारी दुपारी स्टॉकहोमहून विमानानं हेलसिंकी, तिथून सिंगापूर, सिंगापुरात रात्र, मग ब्रिस्बेन. आता तुर्कूहून हेलसिंकी बसनं दोन तासांवर. तरी आधी समुद्र ओलांडून स्वीडनला जायचं आणि तिथून उडून परत फिनलंडमध्ये यायचं, म्हणजे शुद्ध द्राविडी प्राणायाम. कारण एवढंच, की तेच विमान आणि तीच खुर्ची, पण तिकीट शेजारच्या देशातून सुरू केलं की फार स्वस्त पडतं. विमानवाल्यांचा हिशेब विमानवाल्यांनाच ठाऊक. तौनोला तो कळत होता म्हणून इम्पीचं जंगल पुरलं.

हे त्यानं तिला सांगितलं नाही. सगळा बेत तिच्या हातात दिला, आणि समजावून सांगणं म्हणजे समोरच्याला खुळं समजणं, असं मानून तो गप्प बसला. तिनंही विचारलं नाही. एवढं केलंय बिचाऱ्यानं, आणखी किती डोकं खायचं त्याचं, म्हणून.

मग तो शनिवार उजाडला, आणि नेमकी त्याच दिवशी आमच्या आवाराची पानगळीची सफाई होती. सगळ्या इमारतीनं खाली उतरायचं, दंताळ्यानं पानं ओढायची आणि शेवटी सॉसेज भाजून कॉफी प्यायची. कुणावर सक्ती नसते. पण न येणाऱ्याची आठवण पुढच्या पानगळीपर्यंत निघते. इम्पी संध्याकाळी परदेशी निघणार होती, तरी एका हातानं कंबर धरून दुसऱ्या हातानं दंताळं चालवत होती.

मी शेगडीवर सॉसेज परतत होते. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची सेइया आली आणि इम्पीला म्हणाली, "इम्पी, केबिनबद्दल पुन्हा एकदा थँक्यू हं. पेंत्ती सकाळपासून शिट्टी वाजवतोय. लग्नात सुद्धा एवढा खूश नव्हता."

तौनो ढकलगाडी घेऊन मागून चालला होता. तो थांबला. "कुठली केबिन?"

"माझी, आज रात्रीच्या बोटीची," इम्पी म्हणाली. "यांच्या लग्नाचा वाढदिवस आहे, नावं बदलून देऊन टाकली. मी उद्या सकाळी आरामात बसनं हेलसिंकीला जाईन आणि तिथंच विमानात चढेन. उगाच स्वीडनला जाऊन आपल्याच डोक्यावरून परत कशाला यायचं? तुला त्रास नको म्हणून बोलले नाही."

तौनोचे हात सुटले. ढकलगाडी कलंडली आणि तासाभराची मेहनत वाऱ्यावर उडाली. "इम्पी," तो म्हणाला, "पहिल्या विमानात तू बसली नाहीस, तर पुढची सगळी तिकिटं रद्द होतात."

"सगळी?"

"सगळी. परतीचीसुद्धा."

इम्पी जन्मभर मोजे विणत आली. पहिला टाका सुटला की काय होतं ते तिला कुणी शिकवायला नको होतं. ती बाकावर बसली आणि दंताळं मांडीवर आडवं धरून राहिली.

तौनो बाजूला जाऊन फोन करू लागला. शाळांना पानगळीची सुट्टी लागलेली, त्यामुळे दुसरी बोट भरलेली. सकाळी स्टॉकहोमला जाणाऱ्या छोट्या विमानात जागा नाही. नवं तिकीट काढायचं तर इम्पीकडे विकायला दुसरं जंगल नव्हतं. तो परत आला आणि त्यानं फोन खिशात टाकला. मी म्हटलं, "यात एवढं काय? सेइयाकडून केबिन परत माग."

"दिलं ते दिलं," इम्पी म्हणाली.

"अगं, सायमी वाट बघतेय तिकडं."

"रीत्वा, दिलेली वस्तू मी परत मागणार नाही. मग ऑस्ट्रेलिया राहिलं तरी चालेल." हे म्हणताना ती मांडीवरच्या दंताळ्यात अडकलेली पानं एकेक करून काढत होती. मला तिचा असा राग आला, आणि असं भरून आलं, की काय करावं कळेना. एक माणूस सांगत नाही, दुसरं विचारत नाही, तिसऱ्याकडे मागायचं नाही, आणि या सगळ्या सभ्यपणात एक आंधळी होत चाललेली बाई बहिणीला न बघताच राहणार होती.

मी हातातल्या चिमट्यासकट सेइया आणि पेंत्तीसमोर जाऊन उभी राहिले आणि घडलं ते सगळं एका दमात सांगितलं. बिझनेस क्लाससुद्धा सांगून टाकला. मागे इम्पीनं तोंड झाकून घेतलं.

सेइयाचं तोंड उतरलं. पेंत्तीनं मात्र हातातलं सॉसेज आधी संपवलं. मग म्हणाला, "केबिनमध्ये बर्थ किती असतात?"

"चार," तौनो म्हणाला.

"मग रडताय कशाला? दोन आमचे, एक इम्पीचा."

"पेंत्ती," सेइया म्हणाली, "लग्नाचा वाढदिवस आहे आपला."

"चाळीस वर्षं झाली, सेइया. आता कसला एकांत? तू आठ वाजता घोरायला लागतेस."

"मी घोरते? इम्पी, तू ये गं, आणि मग साऱ्या इमारतीला सांग कोण घोरतं ते."

इम्पी बाकावरून उठली. "तुम्हाला अडचण होईल."

"होईल ना," सेइया म्हणाली. "पण तू आली नाहीस तर मला ती केबिन गोड लागेल का? काहीतरीच तुझं." आणि तिनं इम्पीच्या हातातलं दंताळं काढून घेतलं.

राहता राहिला चौथा बर्थ. सेइया-पेंत्ती त्याच बोटीनं परत फिरणार होते, आणि एवढं झाल्यावर बंदरापासून स्टॉकहोमच्या विमानतळापर्यंत इम्पीला एकटीला सोडायचं कुणाच्या मनाला येईना. सगळ्यांनी तौनोकडे पाहिलं. तो ढकलगाडीकडे बघू लागला.

"मी?"

"नाही, ढकलगाडी," मी म्हणाले. "जा, ओळखपत्र घे."

तो गेला. वर जाऊन कपडे बदलण्याइतकंही त्याला सुचलं नसावं, कारण बोटीवर चढताना त्याच्या टोपीवर मेपलचं पान तसंच होतं. मी धक्क्यावर उभी होते. पेंत्ती इम्पीची पेटी ओढत होता, सेइया तिचा दंड धरून चालली होती, आणि तौनो तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होता. सांगतच होता. पहिल्या विमानापासून सिंगापूरच्या उशांपर्यंत सगळं त्यानं तिला रांगेत उभ्या उभ्या सांगितलं, असं नंतर सेइया म्हणाली. इम्पीनं मध्येच सतरा प्रश्न विचारले आणि मागचे लोक खोळंबले.

सोमवारी तो परतला. विमानतळावर काचेपलीकडे ती दिसेनाशी होईपर्यंत उभा होता, एवढंच मला सांगितलं. पुढचे दोन दिवस रोज काही ना काही निमित्त काढून माझ्याकडे येत राहिला आणि काही न बोलता बसून राहिला. यावेळी मी त्याला हलवलं नाही. माझाही जीव टांगणीला लागला होता.

बुधवारी सकाळी तो असाच बसलेला असताना माझा फोन वाजला. इम्पी होती. मी स्पीकर लावला.

"पोचले," ती म्हणाली. मागे कुठला तरी अनोळखी पक्षी ओरडत होता. "सायमीनं माझा चेहरा खिडकीजवळ उजेडात नेऊन पाहिला. म्हणाली, आईसारखी दिसायला लागलीस." तौनोनं टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"तौनो आहे का तिथं?" इम्पीनं विचारलं.

"आहे."

"तौनो, तुला एक विचारायचं आहे. मला इथे आणखी राहायचंय. सायमी म्हणते, आपल्याकडचं बर्फ वितळेपर्यंत राहा. माझं परतीचं तिकीट पुढे ढकलता येईल का? त्रास होईल तुला, माहितीये. तरी विचारते."

तौनोनं खुर्ची फोनजवळ ओढली. "येईल," तो म्हणाला. "पण कसं ते नीट ऐक, आणि समजलं नाही तर मध्येच थांबव मला."

आणि तो बोलायला लागला.