विक्री नव्हती म्हणून

बबिता आडे दारव्ह्याजवळच्या तांड्यावरची. घरची तूर पोत्यांनी विकायची आणि किलोभर डाळ दुकानातून आणायची, हे तिला लग्न होऊन आल्यापासून डाचत होतं. शेवटी तिनं चुलतसासू रामीबाईला सोबत घेतलं. दोघींनी भागीदारी फर्म नोंदवली आणि रस्त्याकाठी शेड भाड्यानं घेऊन छोटी डाळ मिल टाकली.

जानेवारीत यंत्र बसलं. वीज आली, परवाना आला, चाचणीची डाळही निघाली. दोन बाया पगारावर ठेवल्या. पण गिऱ्हाईक फिरकेना. बायांच्या मिलवर तूर द्यायला लोक बिचकत होते. भाडं, पगार, विजेचं बिल मात्र सुरूच. पहिली डाळ विकली गेली तेव्हा मार्च सरून नवं आर्थिक वर्ष लागलं होतं.

कराचं काम दारव्ह्यातल्या करसल्लागार भगवानरावांकडे होतं. जुलैत बबिता त्यांच्याकडे गेली, तर त्यांनी वर मान करूनही पाहिलं नाही.

"विक्री झाली काय मार्चपर्यंत? नाही ना? मग कायचं रिटर्न? धंदा सुरूच नाही झाला. झाला तो घरखर्च समजा."

बबितानं मान डोलावली, वर्षाची फीही पुरी दिली. शिकलेला माणूस सांगतो म्हणजे बरोबरच असणार.

पुढच्या वर्षी मिल चांगली चालली. मग कर आला, तोही सगळ्या नफ्यावर. फर्मला माणसासारखी सूट नसते, पहिल्या रुपयापासून कर लागतो, असं भगवानरावांनीच सांगितलं. चाळणी यंत्रासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले.

त्या यंत्रासाठी कर्ज काढायचं ठरलं आणि बँकेनं कागद मागितले, म्हणून ती यवतमाळला सीए वैष्णवीताईंकडे गेली. कागद चाळता चाळता त्या थांबल्या.

"पहिल्या वर्षाचं रिटर्न कुठंय?"

"विक्री नव्हती ना, म्हणून नाही भरलं."

"अहो, यंत्र बसलं, परवाना आला, डाळ काढून पाहिली, म्हणजे धंदा उभा राहिला. तिथून पुढचं भाडं, पगार, बिल हा धंद्याचाच खर्च. विक्री झाली नाही तरी. त्याच्या आधीचा खर्च वेगळा. प्रोजेक्ट रिपोर्टसारखा त्यातला काही भाग अटींत बसला तर पाच वर्षांत वाटून मागता येतो. फर्मला तर तोटा असला तरी रिटर्न भरावंच लागतं. मुदतीत भरलं असतं तर तो तोटा या नफ्यातून वजा झाला असता."

"आता?"

"मुदत गेली, तोटाही गेला. उशीर माफ करा म्हणून आयकर खात्याकडे अर्ज करता येईल. पण भरवसा देत नाही."

बबितानं परतीची जीप धरली. दारव्ह्याला उतरली ती सरळ भगवानरावांच्या दारात. आत दोन-तीन माणसं बसली होती. तिनं त्यांच्यासमोरच विचारलं, "भाऊ, आमचं रिटर्न काहून नाही भरलं?"

"इतक्या लहान कामात कायचा तोटा दाखवता, बाई?"

"लहान काम? मग फी कायले घेतली? पुरी घेतली ना!"

भगवानराव चिडले. "खरं सांगू? दोन बाया आणि एक शेड. सहा महिन्यांत बंद पडंल असंच वाटलं मले. कोण कागद रंगवत बसते?"

बसलेल्यांपैकी एकजण हसला. बबिता टेबलाजवळ सरकली.

"तुमाले वाटलं म्हणून आमचा खर्च घरखर्च झाला? रामीबाई तिथं उभी राहून राहून पाय सुजवून बसली, ते घरकाम होतं? माह्या फाइली द्या. आत्ताच्या आत्ता!"

फायली घेऊनच ती बाहेर पडली. वैष्णवीताईंनी अर्ज केला. पुष्कळ महिन्यांनी उत्तर आलं, उशिराचं कारण पटलं नाही. भगवानरावांची तक्रार करायला ग्राहक मंचात गेली, तर तिथं विचारलं गेलं, 'भरू नका' असं त्यांनी लिहून दिलंय का? तसा कागद नव्हता.

रामीबाई म्हणाली, "जाऊ दे पोरी, मिल तर चालून राह्यली."

"मिल आपण चालवून राह्यलो, काकी. त्याच्यात त्याची कायची मेहरबानी?"

चाळणी यंत्र वर्षभर उशिरा आलं. आता जवळपासच्या तांड्यांवरच्या बाया नवं काम सुरू करायच्या आधी बबिताकडे येतात. ती त्यांना चहा देते, वैष्णवीताईंचा नंबर देते, आणि भगवानरावांचं नावही सांगते. मोठ्यानं, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं.