बोटाची मागची बाजू

सिस्टरने त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते तीस वर्षांपूर्वी, वॉर्डात. खाटेला हात लावला की झटका बसतो, अशी पेशंटची कुरकुर होती. खाकी शर्टातला एक किडकिडीत वायरमन आला, स्टुलावर चढला आणि भिंतीवर उघड्या पडलेल्या वायरीला त्याने बोटाची मागची बाजू लावली. पोराचा ताप बघावा तशी, अलगद.

"आहे," तो म्हणाला. "थोडी आहे, पण आहे."

सिस्टरने स्टूल घट्ट धरलं. "अहो, मरायचंय का? तेही माझ्या ड्यूटीत?"

"पुढून धरली तर मूठ आवळते, सुटत नाही. मागून लावली की हात आपोआप उडतो," तो समजावत म्हणाला. "यंत्र एखाद्वेळी खोटं बोलेल, सिस्टर. बोट नाही बोलत."

यावरूनच लोक त्याला टेस्टर म्हणायला लागले. खरा टेस्टर त्याच्या खिशात पेनासारखा अडकवलेला असायचा, तोही बहुधा शोभेला. पुढे तो सिस्टरच्याच गल्लीत राहायला आला. त्याने जोडलेला पंखा कुरकुरत नाही असा लौकिक झाला. बायको शिवणकाम करायची, मुलगी लग्न होऊन दूर गेली. याला वायरीखेरीज दुसरं काही येत नव्हतं आणि त्याची त्याला खंतही नव्हती.

सिस्टर निवृत्त झाली, नवरा गेला, तरी गल्लीत तिचं नाव सिस्टरच राहिलं. घर म्हणजे खरं तर अर्धं घर. सासऱ्यांच्या मागे दोघा भावांनी मधल्या खोलीत भिंत घातली होती. पलीकडे धाकटे दीर राहत. वायरिंग सासऱ्यांच्या काळातलं, लाकडी पट्ट्यांवरचं. एका सकाळी स्वयंपाकघरातल्या बोर्डातून धूर निघाला, तेव्हा तिने टेस्टरला निरोप धाडला.

"त्याला?" दीर दारातूनच म्हणाले. "वहिनी, हल्ली कोणी बोलवत नाही त्याला. ती वायर आणि तो, दोघंही एकाच काळातले."

"म्हणूनच, भावजी. जुन्या माणसालाच जुन्याची खोड माहीत असते."

टेस्टर आला तो दाढी करून, धुतलेला खाकी शर्ट घालून. आल्याआल्या त्याने मेनचा चिनी मातीचा फ्यूज उपसला आणि छातीच्या खिशात टाकला. ही त्याची जुनी शिस्त. फ्यूज त्याच्या खिशात म्हणजे घरात वीज नाही. काम संपेपर्यंत तो कुणाच्या हाती देत नसे, अगदी जेवतानासुद्धा. मग पट्ट्या उचकटायला लागला. वायरीवरचं रबर वाळक्या भाकरीसारखं गळून पडत होतं.

मधे सिस्टरने चहा केला. चुलीवरून उतरवलेला, काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला. तिने पदरात धरून आणला. त्याने तो सरळ पाचही बोटांनी धरला आणि बोलत राहिला. वायर किती मीटर लागेल, वायरीचा पाइप कुठून न्यावा. सिस्टर पेल्याकडे बघत होती. त्याने पेला खाली ठेवला तेव्हा तर्जनीवर एक जुना फोड फुटलेला दिसला, शेजारी दुसरा नवा.

"साखर किती आहे तुमची?"

"असेल थोडी. सगळ्यांनाच असते."

"डोळे मिटा."

"काय हो हे, सिस्टर."

"मिटा म्हणते ना."

त्याने मिटले. तिने साडीची सेफ्टी पिन काढली आणि तर्जनीच्या टोकाला टोचली. मग मधल्या बोटाला. मग अंगठ्याला.

डोळे मिटलेला टेस्टर थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "टोचा की. मी काय पळून जातोय?"

तीन बोटांवर रक्ताचे तीन थेंब होते. त्याने डोळे उघडून ते बघितले. बराच वेळ बघितले.

"पायाला कळत नव्हतं ते माहीत होतं," अखेर तो म्हणाला. "हाताचं म्हटलं, वय झालं." मग शर्टाला बोटं पुसत, "कुणाला सांगू नका. हे घर नीट झालं तर गल्ली पुन्हा हाक मारेल. नाहीतर मी संपलो. घरी बसून बायकोच्या मशीनचा आवाज ऐकत राहायचं, एवढंच उरेल."

चौतीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला काय करायला हवं ते कळत होतं. हे काम थांबवायला हवं होतं. पण त्याने सकाळी दाढी करताना हनुवटीवर कापून घेतलं होतं, त्यावर कागदाचा कपटा अजून चिकटलेला होता. तो बघून तिला तसं म्हणायचा धीर होईना.

"असं करू," ती म्हणाली. "डोकं तुमचं, बोटं माझी. स्क्रू मी आवळणार. वायर मी सोलणार. तुम्ही नुसतं सांगायचं."

ठरलं. दुसऱ्या दिवसापासून ती पदर खोचून कामाला लागली. पहिल्याच बोर्डात तिने स्क्रू इतका आवळला की त्याची खाच गेली. "अहो, पेशंटचं बँडेज नाही ते," टेस्टर म्हणाला. सलाइन लावणाऱ्या हातांना सवय व्हायला वेळ लागला नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आधी कळलं असतं तर मदतनीस ठेवलं असतं." ती म्हणाली, "आधी कळलं असतं तर आधी इन्सुलिन दिलं असतं."

दीर डोकावून गेले. "सिस्टर आणि टेस्टर. पाटी लावा दारावर."

चार दिवसांत तीन खोल्या झाल्या. तिने हरेक सांधा ओढून पाहिला होता. कुठे त्याच्या बोटांवर भरवसा ठेवायचा नाही, याचा दोघांनी बारकाईने विचार केला होता. फक्त एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. ती इतकी जुनी सवय होती की ते बोटाचं काम आहे हेच कुणाला सुचलं नाही.

पाचव्या दिवशी मोरी. टेस्टर रबरी चपला घालून लाकडी स्टुलावर चढला, लोंबणारी जुनी वायर ओढली आणि नेहमीप्रमाणे तिला बोटाची मागची बाजू लावली.

"काही नाही. घ्या सोलायला."

सिस्टर अनवाणी होती. फरशी ओली होती. तिने उजव्या हाताने वायर धरली.

तिला नंतर आठवलं ते एवढंच की कुणीतरी खांदा उपटून काढतंय. ती मागे फेकली गेली आणि कपडे धुवायच्या दगडावर आदळली. मनगट कडकन मोडलं, तो आवाज तिने स्वतः ऐकला.

टेस्टर उतरला, तिच्यापाशी बसला, आणि त्याचा हात छातीच्या खिशात गेला. फ्यूज तिथेच होता. तो बाहेर काढून तो खुळ्यासारखा बघत राहिला. मग त्याने आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच घाईने टेस्टर काढून त्या वायरीला लावला. टेस्टरमधला दिवा लागला.

उलगडा संध्याकाळी झाला. भिंत घातली तेव्हा मोरीची वायर तोडायची राहिली होती. ती इतकी वर्षं दिरांच्या मीटरवरून चालत होती. दीर डोकं धरून बसले. सिस्टर प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून म्हणाली, "पाय घसरला माझा, भावजी. ओली फरशी."

"नाही," दारात उभा असलेला टेस्टर म्हणाला. "लाइन चालू होती. मी हात लावून नाही म्हणालो. माझ्या बोटांना कळत नाही."

दीर गेल्यावर ती त्याच्यावर चिडली. "मी सांभाळून घेत होते ना? कशाला बोललात? इथले सगळे स्क्रू मी आवळलेत, कुणाला काही झालं नसतं."

"इथले तुम्ही आवळलेत, सिस्टर," तो म्हणाला. "गेली दोन वर्षं बाकीच्या घरांतले कुणी आवळले?"



दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. आठवून आठवून चौदा घरं. प्रत्येक दारात तेच वाक्य: "मी केलेलं काम दुसऱ्याकडून तपासून घ्या, माझी बोटं गेलीत." कुणी बस म्हणालं. कुणाला वाटलं, हा प्यायलाय. एका बाईने लहान मुलाला कडेवर घेऊन त्याला उंबऱ्यातच फैलावर घेतलं, आणि तो मान खाली घालून सगळं ऐकून मगच पुढच्या दाराकडे वळला. दोन घरांत सांधे खरोखर ढिले निघाले. एका ठिकाणी बोर्डाच्या मागचं लाकूड कोळशासारखं काळं झालं होतं. ते ऐकल्यावर त्याने लायसन्स वीज कंपनीच्या ऑफिसात नेऊन दिलं. तिथल्या कारकुनाला ते परत कसं घ्यायचं तेच ठाऊक नव्हतं. टेस्टरने ते टेबलावर ठेवलं आणि निघून आला.

मोरीचं काम दुसऱ्या वायरमनने अर्ध्या दिवसात उरकलं. सिस्टरने टेस्टरला बघायला बोलावलं. तो आला, दाराशी खुर्चीवर बसला, एकदाच म्हणाला, "पाइप जरा वरून घे रे." तो वायरमन तोंडदेखलं "हो काका" म्हणाला आणि पाइप होता तिथूनच नेला. टेस्टर थोड्या वेळाने उठून गेला. नंतर त्याच्याकडे कुणी काही नीट करायला नेलं नाही, साधा इस्त्रीचा प्लगसुद्धा.

सिस्टरचं मनगट वाकडं जुळलं. डावीकडे वळत नाही. बोलली असती पहिल्याच दिवशी, तर काय झालं असतं, हा हिशेब ती अजून मांडते आणि तो सुटत नाही. दर आठवड्याला ती त्याच्या पायाचं ड्रेसिंग करायला जाते.

मागच्या वर्षी त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. तो आता लाकडाच्या वखारीच्या फाटकावर राखणीला बसतो. सकाळी सहाला जातो, दुपारी दोनला सुटतो.